यशस्वितेसाठी परिश्रम घेतले

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक वाक्य गेली कित्येक वर्षे जसेच्या तसे छापले जाते. बुद्धिबळ स्पर्धा असो, कॅरम असो, गणेशोत्सवातली खुली स्पर्धा असो की कुणाच्या स्मरणार्थ ठेवलेला चषक असो, बातमीच्या शेवटी ते येतेच: ‘स्पर्धेच्या यशस्वितेसाठी अमुक, तमुक व मित्रमंडळाने परिश्रम घेतले.’ या वाक्याची कात्रणे मी १९८९ पासून जमवतो आहे. आधी हौस म्हणून जमवली, पुढे सवय लागली. अहमदपूरला राहून संशोधन करायचे तर ग्रंथालयापेक्षा रद्दीवाला जास्त उपयोगी पडतो, हा माझा अनुभव. आज माझ्याकडे अशा कात्रणांच्या चार वह्या आहेत. बहुतेक बातम्या नांदेड, लातूर, परभणीकडच्या आहेत.

या बातम्यांची रचना एकदा नीट पाहावी. आधी उद्घाटक, मग अध्यक्ष, मग व्यासपीठावरचे मान्यवर पदांसह. मग बक्षिसे कुणी दिली ते. मग विजेते. सर्वांत शेवटी परिश्रम घेणारे. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो, म्हणजे पहिला घाव याच वाक्यावर पडतो. वाचले तरी त्यात फक्त नावे असतात. कुणी काय केले, किती तास केले, त्याबद्दल काय मिळाले, हे एकाही कात्रणात मला आढळलेले नाही. खेळांविषयीचे आपले पुस्तकी लेखनही मला याच वळणाचे वाटते. विजेत्यांची चरित्रे आहेत, नियमांची पुस्तके आहेत, डावांचे विश्लेषण आहे. ज्याने टेबल मांडले त्याच्याविषयी काही नाही.

हा लेख त्या वाक्यात काय दडले आहे याविषयी आहे. निमित्त मात्र ताजे आहे. गणपती विसर्जनानंतर आठ दिवसांनी गावातली चार मुले घरी आली. दोघे अभियांत्रिकी शिकून परतलेले, एकजण शाळेत शिक्षक, एकीचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान. नाताळच्या आठवड्यात दोन दिवसांचा बैठ्या खेळांचा मेळावा भरवायचा, असा त्यांचा बेत. कॅरम, बुद्धिबळ, सारीपाट, आणि पुण्या-मुंबईकडे अलीकडे रुजलेले नवे पटखेळ. शहरातल्या एका कंपनीने खेळांचे संच आणि फलक द्यायची तयारी दाखवली होती. अटी तीन: मेळाव्याला कंपनीचे नाव, येणाऱ्या प्रत्येकाची नाव-नंबरासह यादी, आणि पुढची पाच वर्षे ‘अहमदपूर’ जोडून तेच नाव वापरण्याचा हक्क फक्त कंपनीकडे.

‘काका, फुकटात मिळालंय. घ्यावं का नाही?’ शिक्षकाने विचारले.

मी आठ दिवसांची मुदत मागितली. पुढचे विवेचन त्या आठ दिवसांतले आहे.

आधी परिश्रम म्हणजे काय ते सांगतो, कारण ते मी स्वतः केले आहेत. १९९० च्या दशकात आमच्या मंडळाची कॅरम स्पर्धा मी नऊ वर्षे सांभाळली. कॅरमला प्रत्येक फळ्यावर पंच लागतो. स्ट्रायकर रेषेला टेकला की नाही, राणी घेतल्यावर तिला जोड मिळाली की नाही, फॉल झाला की नाही, हे पाहायला माणूस बसावाच लागतो. सामना तीन डावांचा, डाव पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. संथ खेळणारे दोघे समोरासमोर आले की एकेक सामना दीड तास चालतो आणि पंचाची पाठ धरते. बोरिक पावडर, बल्ब, फळीखाली पाचर, वीज गेली तर कंदील. ही सगळी व्यवस्था आलीच.

म्हणून आम्ही बाद पद्धत ठेवायचो. हरला की घरी. एकशे अठ्ठावीस खेळाडू असतील तर बाद पद्धतीत एकूण सामने होतात एकशे सत्तावीस, कारण प्रत्येक सामन्यात एकजण बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरतो. पहिल्या फेरीनंतर चौसष्ट जण मोकळे. आयोजकाला याहून सोयीची पद्धत नाही.

एका वर्षी जवळच्या खेड्यातून एक मुलगा एसटीने आला होता. सकाळी आठची नोंदणी, त्याचा सामना साडेअकराला लागला, बाराला तो हरला. परतीची गाडी पाचची. तो मंडपाच्या कडेला बसून राहिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘आता मी काय करू?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. एक फळा रिकामा होता, पण त्यावर त्याला खेळू दिले असते तर पावडर, सोंगट्या, बल्ब कुणाच्या हिशेबात घालायचा, असा विचार मी तेव्हा केला. आज त्याची लाज वाटते. मेळावा किती चांगला होता हे पहिल्याच फेरीत हरलेल्या माणसाचा उरलेला दिवस कसा गेला यावरून ठरवावे, हे माझे मत त्या दुपारपासूनचे आहे.

बुद्धिबळवाल्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवला होता. १८९५ साली झुरिच येथे युलियुस म्युलर यांची पद्धत प्रथम वापरली गेली. तिला आज आपण स्विस पद्धत म्हणतो. यात कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घालतात. हरलेला हरलेल्याशी, जिंकलेला जिंकलेल्याशी. त्याच एकशे अठ्ठावीस जणांना सात फेऱ्या खेळवल्या तर डाव होतात चारशे अठ्ठेचाळीस. खेड्यातून आलेला मुलगा सात डाव खेळून परत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत त्याच्या तोडीचा कुणीतरी त्याच्यासमोर बसलेला असतो.

पण हे फुकट होत नाही. संगणकापूर्वीच्या काळी प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असे. त्यावर क्रमांक, आतापर्यंतचे प्रतिस्पर्धी, पांढरी-काळी मोहरी कितीदा मिळाली, गुण. फेरी संपली की निकालाच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या, कार्डांवर चढवायच्या, गुणांप्रमाणे गठ्ठे करायचे, प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा अर्धा खालच्या अर्ध्यासमोर ठेवायचा. मग अडचणी सुरू. हे दोघे आधीच खेळलेत. याला सलग दोनदा काळी मिळाली आहे, तिसऱ्यांदा देता येत नाही. एक खेळाडू उरतो, त्याला बाय द्यायची, पण त्याला आधीच एकदा मिळालेली आहे. एक जोडी मोडली की खालच्या दहा मोडतात. शेवटी मोठ्या कागदावर जोड्या लिहून भिंतीला चिकटवायच्या, आणि चिकटवताक्षणी कुणीतरी येऊन म्हणणार की माझा निकाल उलटा चढलाय. एका तालुका स्पर्धेत मी हे काम रात्री दोनपर्यंत केले आहे. आज संगणक क्षणात जोड्या लावतो. चिठ्ठी चुकीची भरली तर चुकीच्या जोड्याही क्षणातच लागतात, म्हणून चिठ्ठी तपासणारा माणूस अजूनही लागतो.

बुद्धिबळाला आणखी एक सोय आहे. पटापटावर पंच लागत नाही, एक पंच अनेक पट पाहू शकतो. कॅरमची अडचण खरीच आहे, एवढे माझ्या बाजूने सांगून ठेवतो.

महाराष्ट्रात हे पाहुणचाराचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे गाव म्हणजे सांगली. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांचे नाव बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे एकामागून एक स्पर्धा लागत आणि गावोगावची मुले मुक्कामाला येत. स्वाती घाटे सांगलीच्याच. आपण सांगलीचे कौतुक खेळाडूंच्या यादीने करतो. माझ्या दृष्टीने कौतुक याचे की एका जिल्ह्याच्या गावातल्या मंडळाने सलग इतकी वर्षे सतरंज्या घातल्या, पट मांडले आणि ते पुन्हा मोजून कपाटात ठेवले. मोहऱ्यांचा एक संच बत्तीसचा असतो. पन्नास पटांचे सोळाशे नग दररोज रात्री मोजणे हे काय आहे, ते मोजणाऱ्यालाच माहीत. एक प्यादे नेहमी कमी भरते.

आता नाव कुणाचे, या प्रश्नाकडे येतो. इथे आपल्याला गावाबाहेर, देशाबाहेरही जावे लागेल, कारण पटखेळांचे मोठे मेळावे गेल्या पन्नास-साठ वर्षांत अमेरिकेत आणि जर्मनीत वाढले आणि मुलांच्या डोळ्यांपुढे तेच नमुने आहेत.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांच्या घरी १९६७ साली काही मित्र युद्धखेळ खेळायला जमले. पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये, त्यांनी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेतला, माणशी एक डॉलर प्रवेश ठेवला, आणि शंभराच्या आसपास माणसे आली. हाच जेन कॉन. पुढची गोष्ट साताबाऱ्याच्या फेरफारासारखी वाचावी. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तो टीएसआर या खेळ बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. १९९७ साली टीएसआर विझर्ड्‌स ऑफ द कोस्टने घेतली. १९९९ साली विझर्ड्‌सना हॅस्ब्रोने घेतले. २००२ साली विझर्ड्‌सचे संस्थापक पीटर ॲडकिसन यांनी जेन कॉन विकत घेतला, २००३ पासून तो इंडियानापोलिसला भरतो. २००८ मध्ये त्याच्यावर दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागण्याची वेळ आली, त्यातूनही तो सावरला. आता सत्तर हजारांवर लोक येतात. या सगळ्या खरेदी-विक्रीत टेबलावर खेळ चालवणारे कोण होते? बहुतांशी हौशी लोकच. त्यांना मिळते ते प्रवेशपत्र, एखादा टी-शर्ट, कधी खोलीत वाटा. मेळावा एका हातातून दुसऱ्या हातात गेला तेव्हा विकले गेले ते नाव. त्या नावाला किंमत आणणाऱ्यांचा सौद्यात हिस्सा नव्हता.

दुसरा नमुना ओरिजिन्सचा. १९७५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ॲव्हलॉन हिल ही कंपनी आणि स्थानिक हौशी मंडळी यांनी तो सुरू केला. पुढे खेळ बनवणाऱ्यांची संघटना, गामा, ही त्याची चालक झाली. म्हणजे इथे मालकी एका कंपनीची नसून धंद्याच्या संघटनेची आहे. एका मालकाच्या लहरीपेक्षा हे बरे, असे म्हणता येईल. पण संघटना उत्पादकांची. टेबल चालवणारा तिथेही पाहुणाच.

तिसरा जर्मनीचा, आणि तो मराठी वाचकाला जवळचा वाटेल. एसेन शहरात १९८३ साली प्रौढशिक्षणाच्या लोकविद्यापीठाच्या इमारतीत खेळ खेळून पाहण्याचे दिवस भरले. चालक फ्रीडहेल्म मेर्त्स यांची प्रकाशनसंस्था. त्यातून ‘श्पील’ हा जगातला सर्वांत मोठ्या मेळाव्यांपैकी एक उभा राहिला. २०२४ साली तिथे दोन लाखांवर लोक आले. २०२२ साली हा मेळावा न्युरेंबर्गच्या खेळणी प्रदर्शनाच्या संस्थेने घेतला, आणि ती संस्था कायद्याने सहकारी आहे. १९५० पासून खेळणी उत्पादकांनी मिळून चालवलेली सहकारी संस्था! हे वाचले तेव्हा मी मराठवाड्याचा माणूस असल्यामुळे प्रथम आनंद आणि लगेच शंका, अशा क्रमाने प्रतिक्रिया झाली. सहकार म्हटले की आपण विचारतो, सभासद कोण? ऊस घालणारा सभासद असतो, ऊस तोडणारा नसतो. एसेनलाही सभासदत्व माल विकणाऱ्यांचे आहे.

अमेरिकेत हा प्रश्न एकदा न्यायालयातही गेला. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपनीला स्वयंसेवक वापरता येत नाहीत, अशी तिथल्या केंद्रीय श्रमकायद्याची भूमिका आहे. ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत पंचाचे काम करणाऱ्या काहींनी २०१६ साली विझर्ड्‌सवर दावा लावला की आम्ही हौशी नाही, कर्मचारी आहोत. २०१९ मध्ये विझर्ड्‌सने पंचांची व्यवस्था दुसऱ्या एका कंपनीकडे सोपवली. पंचांच्या कार्यक्रमातल्या अनेकांना स्वतःला हा दावा आवडला नव्हता. ते म्हणत, आम्ही आवडीने करतो. हे मला पूर्ण समजते. मीही नऊ वर्षांत एक रुपया घेतला नाही आणि कुणी दिला असता तर रागावलो असतो. पण माझ्या रागाचा फायदा कुणाला होत होता? बक्षीस देणाऱ्या व्यापाऱ्याचा फलक दरवर्षी हातभर वाढत गेला. एका वर्षी तर त्याने अंतिम सामन्याआधीच फळे उचलून नेले, कारण फलकावरचे नाव पावसाने पुसले होते. आम्ही हातापाया पडून एक फळा ठेवून घेतला.

आपल्याकडे कंपनीपेक्षा महासंघाचे वजन जास्त. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ चा. मान्यता, मानांकन, निवड सगळे त्याच्या हातात. त्याने अनेक वर्षे असा नियम ठेवला होता की मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळाल तर कारवाई होईल. जुलै २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ठरवले की हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, आणि सुमारे सहा लाख ब्याण्णव हजारांचा दंड ठोठावला. दंडाची रक्कम लहान आहे, तत्त्व लहान नाही: खेळाडू कुठल्या मांडवात बसतो हे महासंघाच्या मालकीचे नाही. याआधीची आठवण १९७६ ची. रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स युवे यांनी स्त्रियांना अडवता येणार नाही असा निर्वाळा दिला. महासंघांविषयी हेही प्रामाणिकपणे नोंदवावे की मानांकनाची एकसारखी पद्धत, घड्याळांचे नियम, प्रशिक्षित पंच हे त्यांनीच दिले. माझ्या नऊ वर्षांच्या कॅरम स्पर्धेत एकही मुलगी खेळली नाही, आणि तो नियम कुठल्या महासंघाने केला नव्हता. आम्हीच कधी विचारले नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकाला ही सगळी मांडणी ओळखीची वाटत असेल, कारण साहित्य संमेलन याहून वेगळे नाही. एप्रिल २०२२ मध्ये पंच्याण्णवावे संमेलन आमच्या शेजारी उदगीरला झाले, अध्यक्ष भारत सासणे. नाव महामंडळाचे, राबणूक यजमान गावाची. आम्ही काहीजण पाहायला गेलो होतो. एप्रिलचे ऊन, आणि पाण्याचे जार वाहणारी महाविद्यालयीन पोरे. परिसंवादात काय बोलले गेले ते विसरलो, ती पोरे लक्षात आहेत. धंद्याच्या संघटनेची बाजूही तिथे असते. २०१५ च्या घुमान संमेलनाआधी प्रकाशकांनी बहिष्काराची भाषा केली होती, पंजाबात मराठी पुस्तके कोण घेणार म्हणून. त्यांच्यावर तेव्हा टीका झाली. मला ती अर्धीच पटली. गाळ्याचे भाडे, मालवाहतूक, माणसांचा मुक्काम हा खर्च प्रकाशकाचा होता, आणि तो तसे उघड म्हणत होता. स्वयंसेवकाला मात्र आपला खर्च उघड म्हणायची सोय नसते. त्याने हिशेब विचारला की तो सेवाभावी राहत नाही.

आठ दिवसांनी मुले आली तेव्हा मी त्यांना वह्या दाखवल्या आणि माझे म्हणणे सांगितले. संच घ्या. फलक लावा, मंडपाच्या दारापेक्षा मोठा नको. नाव देऊ नका, पाच वर्षांसाठी तर नाहीच. यादी देऊ नका. ज्याला कंपनीला नंबर द्यायचा तो स्वतः देईल. कॅरमसकट सगळे खेळ सगळ्यांना दोन दिवस खेळता येतील अशी रचना करा, पंच कमी पडतील तर खेळाडूंनाच आळीपाळीने पंच बसवा. आणि जोड्या लावणाऱ्याला, पाणी भरणाऱ्याला, रात्री संच मोजणाऱ्याला पैसे द्या. थोडे द्या, पण हिशेबात लिहून द्या.

मोबाइलच्या दुकानवालीने लगेच आकडा विचारला. शिक्षकाला हे पटले नाही. ‘काका, पैशे देलो तर पोरं नौकरीवानी वागतेत. मंडळाचं काम राहत नाही ते.’ त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पैसे आले की वेळ पाळली जाते, पण रात्री दोनपर्यंत थांबणाराही कदाचित मिळत नाही. मी स्वतः थांबलो असतो का, मला सांगता येत नाही. बराच वाद झाला. शेवटी ठरले ते असे: मानधन फक्त अठरा ते पंचवीस वयाच्या, बाहेरगावाहून येऊन काम करणाऱ्यांना, आणि जेवण सर्वांना. मला ते अपुरे वाटते. त्यांचा मेळावा आहे.

कंपनीला पत्र गेले आहे. पहिल्या अटीत बदल सुचवला, दुसरी आणि तिसरी खोडली. हा लेख अंकाकडे पाठवेपर्यंत उत्तर आलेले नाही. तोवर मुलांनी गावातून नऊ कॅरम फळे, एकोणीस बुद्धिबळ संच आणि एका आजीबाईंकडचा कापडी सारीपाट जमवला आहे. एका संचात प्यादे कमी आहे, तिथे वांग्याच्या देठाएवढा लाकडी तुकडा कोरून बसवलाय. मुलींसाठी वेगळी नोंदणी ठेवायची नाही, एकच वही, हेही ठरले. बातमी लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात कुणी काय केले ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहिणार आहे, आणि ते पहिल्या परिच्छेदात घालणार आहे, म्हणजे खालून कापताना उद्घाटक जाईल.